स्क्रूड्रायव्हर सटकून मदरबोर्डचे ट्रॅक कापले गेले, आता काय?

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या सिडकोतला एक कॉलेजचा मुलगा, घरच्या पीसीच्या प्रोसेसरवरचा कूलर बदलायला बसला. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड, ब्रॅकेटचा शेवटचा स्क्रू आवळताना स्क्रूड्रायव्हर सटकला आणि प्रोसेसरचं सॉकेट आणि रॅम स्लॉटच्या मधल्या जागेत तीन ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा, कापले गेले. पीसी चालू होतो, डिस्प्ले येतो, पण सॉकेटकडून पहिले दोन रॅम स्लॉट डेड, मागचे दोन चालतात. दुकानात नेलं तर "बोर्ड गेला, नवीन घे". आता विचारतोय की ते सिल्व्हरचं कंडक्टिव्ह पेन मिळतं ते फिरवलं तर चालेल का, का जंपर, म्हणजे तुटलेल्या जागी तारेचा जोड, मारावा लागेल, आणि घरी जमेल का.

पेन नको. जंपर मारता येईल. घरी जमेल का ते तुझ्या हातावर आणि डोळ्यावर आहे, शेवटपर्यंत वाच आणि मग तूच ठरव.

मी हे काम वीस वर्षांच्या वर करतोय, सुरुवात टीव्ही रिपेअरिंगने केली, तेव्हा ट्रॅकला आम्ही "प्रिंट" म्हणायचो, "प्रिंट उडाली, तार टाक" एवढंच. टीव्हीची प्रिंट दोन-तीन मिलिमीटर रुंद असायची, रेझिस्टरच्या कापलेल्या पायाने जोडली की झालं. मदरबोर्डवर तुझे जे ट्रॅक कापले गेलेत ते साधारण ०.१ ते ०.१३ मिलिमीटर रुंदीचे असतील, म्हणजे जाड केसाएवढे, आणि शेजारच्या ट्रॅकशी अंतरही जवळपास तेवढंच. त्यामुळे लोक घाबरतात. पण खरं सांगू का, सोल्डरिंग हे यातलं छोटं काम आहे, दहा मिनिटांचं. नक्की काय तुटलंय, ते कुठून कुठे जातंय आणि त्यातून काय वाहतंय हे शोधायला दोन तास लागतात आणि बहुतेक बोर्ड लोक इथेच मारतात, कारण मल्टीमीटर हातात घ्यायच्या आधी सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवलेली असते.

तर आधी आयर्न बाजूला. एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची वायर काढ, बोर्डावरचा सेल काढ, ग्राफिक कार्ड आणि रॅम काढ. प्रोसेसर मात्र राहू दे, त्याचं काम आहे पुढे. मग मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणतात ते, त्याने ओरखडा नीट साफ कर. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही सांगत. स्क्रूड्रायव्हर तांब्यावरून जातो तेव्हा तांबं नुसतं कापत नाही, त्याचा बारीक कीस निघतो आणि तो वळून शेजारच्या ट्रॅकला टेकतो. म्हणजे तुला वाटतं ट्रॅक तुटलाय आणि खरं तर शॉर्ट असतो. गंगापूर रोडचा एक बोर्ड माझ्याकडे अगदी असाच आला होता, भिंगाखाली बघितलं तर एकही ट्रॅक पूर्ण कापलेला नव्हता, वरचा हिरवा थर गेलेला आणि तांब्याचा एक कुरळा केस दोन ट्रॅकवर आडवा पडलेला. ब्रशने उडवला, बोर्ड चालू. पैसे काय घ्यायचे हेच कळेना, चहा घेतला.

भिंग लागेलच. स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात ती १० पट वाली लूप चालते. ते स्वस्तातले यूएसबी मायक्रोस्कोप बघायला ठीक, पण त्याच्या स्क्रीनकडे बघत सोल्डर करू नको, चित्र थोडं उशिरा येतं आणि हात तोवर पुढे गेलेला असतो.

आता तुझं लक्षण बघू, त्यातच अर्धं उत्तर आहे. डीडीआर४ रॅमच्या चार स्लॉटच्या बोर्डावर दोन चॅनल असतात, ए आणि बी, प्रत्येकाला ६४ डेटा लाइन. एकाच चॅनलचे दोन स्लॉट त्या डेटा लाइन वाटून घेतात, बऱ्याच बोर्डात लाइन प्रोसेसरकडून पहिल्या स्लॉटला येते आणि तिथून दुसऱ्याला जाते. पण क्लॉक, चिप सिलेक्ट अशा काही लाइन मात्र प्रत्येक स्लॉटच्या वेगळ्या असतात. म्हणून एकच स्लॉट डेड असता तर मी म्हणालो असतो की त्याची स्वतःची लाइन गेली किंवा स्लॉटमध्येच कचरा आहे. तुझे पहिले दोन्ही डेड आहेत, म्हणजे अख्खा ए चॅनल पडलाय, म्हणजे दोघांत वाटलेली डेटा किंवा अॅड्रेसची लाइन तुटलीय असं धरून चालायला हरकत नाही. आणि बी चॅनल चांगला आहे ही तुझी लॉटरी आहे, कारण तुला तुलनेला जिवंत नमुना बोर्डावरच मिळाला.

मीटर डायोड मोडवर लाव. लाल प्रोब ग्राउंडला, हो लालच, उलटा, आणि काळा प्रोब एकेका पिनवर. बऱ्याच बोर्डांच्या मागच्या बाजूला रॅम स्लॉटच्या पिना सोल्डर केलेल्या दिसतात, तिथे मोजणं सोपं. प्रोसेसर बसलेला असल्यामुळे त्याच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून प्रत्येक लाइनला काहीतरी आकडा येतो आणि सगळ्या डेटा लाइनचा आकडा जवळपास सारखा असतो. ए च्या स्लॉटची पिन आणि बी च्या स्लॉटची तीच पिन, असं जोडीने मोजत जा, २८८ पिना आहेत, कंटाळा येईल, पण वहीत लिहित जा. जिथे बी ला आकडा आणि ए ला ओएल, म्हणजे जोडच नाही, दाखवेल ती तुटलेली लाइन. जिथे ए ला शून्याच्या जवळ आणि बी ला व्यवस्थित आकडा, तिथे शॉर्ट. तुझ्या ओरखड्यात तीन ट्रॅक दिसतात ना, मग तीन ओएल मिळाले पाहिजेत. चार मिळाले तर एक तुला अजून दिसलेला नाही, आणि दोनच मिळाले तर एक केसाएवढ्या तांब्यावर लटकतोय.

ही लटकलेली भानगड मीटरच्या बीपवर सापडत नाही हे लक्षात ठेव. बरेच मीटर तीस-चाळीस ओमपर्यंत बीप देतात, त्यामुळे नव्वद टक्के कापलेला ट्रॅकसुद्धा मस्त बीप देतो आणि आपण खूश. ओमच्या रेंजवर आकडा वाच, प्रोब एकमेकांना लावून जेवढा येतो त्याच्या आसपासच आला पाहिजे. आणि एक, प्रोसेसर काढून सॉकेटच्या भोकात मीटरची प्रोब अजिबात घालू नको, एएम४ च्या भोकातल्या पत्त्या एकदा पसरल्या की मग दुकानदार म्हणतो तेच खरं होतं.

आता पेनचं. ते पेन वाईट नाही, रिमोटच्या रबरी बटणांखालच्या पट्ट्या, कीबोर्डच्या आतली प्लॅस्टिकची शीट, गाडीच्या मागच्या काचेच्या हीटरची लाइन, इथे मी स्वतः वापरतो कारण तिथे सोल्डरने जोडणं सहसा जमत नाही. पण त्याची रेघ तांब्याच्या कैक पट रेझिस्टन्स देते, बोर्ड गरम-थंड होत राहिला की सुटते, आणि मुख्य म्हणजे तुझ्या ट्रॅकमधली जागा ०.१ मिलिमीटर आहे, पेनचं टोक त्याच्या दहापट. तीन ट्रॅक जोडायला जाशील आणि तिन्ही एकमेकांना जोडून ठेवशील. नंतर ते काढून मग जंपर मारायला माझ्यासारख्याकडे आणशील तर मी शिव्या घालीन, आधीच सांगतो.

तार कुठली. वाइंडिंग वायर, एनॅमलची, म्हणजे वरून इन्सुलेशनचा पातळ लेप असलेली. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते पण त्याच्याकडे पंपाची आणि पंख्याची जाड तार, एवढी बारीक सहसा नसते. मोबाईल रिपेअरिंगच्या सामानात जंपर वायरची रीळ मिळते, ०.१ किंवा त्याहून बारीक, एमजी रोडला मोबाईलवाल्यांच्या गल्लीत विचार. आणि फुकटात पाहिजे तर जुन्या स्टॅबिलायझरमधली रिले फोड, तिच्या कॉइलमध्ये केसासारखी तार असते, जन्मभर पुरेल. लोक विचारतात एवढी बारीक तार करंट झेपेल का. हिशोब कर ना. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा छेद ०.००७८ चौरस मिलिमीटर. तुझा ट्रॅक ०.१३ रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड धरला तरी छेद ०.००४५. म्हणजे तार ट्रॅकपेक्षा पावणेदोनपट जाडच आहे. सिग्नलला भरपूर. पॉवरची लाइन असती तर गोष्ट वेगळी, ती रुंद पट्टी असते आणि तिथे केसाएवढी तार टाकली तर तार फ्यूजचं काम करेल, तिथे मी जाड तार नाहीतर तांब्याची पट्टी टाकतो.

पण तुझ्या केसमध्ये खरा प्रश्न करंटचा नाहीच, लांबीचा आहे. डीडीआर४ रॅम ३२०० च्या वेगावर चालते तेव्हा एक बिट ३१२ पिकोसेकंदांचा असतो. बोर्डाच्या फायबरमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो, म्हणजे एक बिट ट्रॅकवर पावणेपाच सेंटीमीटर जागा धरतो. आता तू सेंटीमीटरभर तार वळवून जास्तीची टाकलीस तर त्या एका लाइनचा बिट बाकीच्यांपेक्षा वीस टक्के मागे पडला. रॅमच्या ट्रॅकला ते नागमोडी वळसे दिलेले दिसतात ना, ते सगळ्या लाइनची लांबी जुळवायलाच असतात, डिझाइनवाल्याने हौस म्हणून नाही काढलेले. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, सुरू होताना मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमच्या लाइनची वेळ जुळवतो, त्यात थोडंफार सांभाळून घेतो, पण उगाच परीक्षा बघू नको. त्यामुळे जंपर असा की तुटलेल्या जागेवर सरळ पूल, इकडून तिकडे दोन-तीन मिलिमीटर, बस. स्लॉटच्या पिनपासून लांबून वळसा घालून तार ओढायची पद्धत पॉवर बटणाच्या लाइनला, फॅनच्या लाइनला, बायोस चिपच्या लाइनला चालते, रॅमला किंवा पीसीआय एक्सप्रेसला, म्हणजे ग्राफिक कार्डच्या स्लॉटच्या लाइनला, नाही.

आता काम. नवीन अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड, ते आडवं धरून तुटलेल्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर हिरवा थर खरवडायचा. खोदायचं नाही, खरवडायचं, आंब्याच्या कोयीचा गर काढतो तसं पण त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या जोराने. गुलाबी तांबं दिसलं की थांब. वरच्या ट्रॅकच्या खाली ०.१-०.२ मिलिमीटरवर बहुतेक बोर्डात ग्राउंडचा अख्खा थर असतो, जोर लावलास तर ब्लेड तिथे पोचतं. मी नवीन असताना एका लॅपटॉपच्या बोर्डावर हेच केलं होतं, तुटलेला एक ट्रॅक जोडला आणि खाली ग्राउंडला शॉर्ट करून ठेवला, मग दोन दिवस शोधत बसलो की आता काय झालं. गिऱ्हाईकाला दुसरा बोर्ड घालून द्यावा लागला, पदरचे पैसे गेले.

तीन ट्रॅक शेजारी आहेत तर तिन्ही एका रेषेत खरवडू नको, मागेपुढे खरवड, विटांच्या बांधकामात सांधे कसे एकाखाली एक येऊ देत नाहीत तसं. मग एकाचं सोल्डर शेजाऱ्याच्या उघड्या तांब्याला लागत नाही.

फ्लक्स, सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो, चांगला लाव, जेलवाला, भरपूर. प्लंबरची पेस्ट नको भो, त्यात अॅसिड असतं, आज जोडेल आणि सहा महिन्यांनी ट्रॅक खाईल. सोल्डर ६३/३७ शिशाचा, तो १८३ डिग्रीला वितळतो, बोर्डावरचा कंपनीचा लेड-फ्री २१७ च्या पुढे. आयर्न टेंपरेचर कंट्रोलवाली, ३२०-३४०. आणि टोक सुईसारखं घेऊ नको, सगळे नवीन लोक सुई घेतात, सुईतून उष्णता जात नाही मग ते दाबून धरतात आणि ट्रॅक उचकटतो. बारीक चपटं टोक घे, एक सेकंद टेकव, उचल. उघड्या तांब्यावर आधी पातळ सोल्डर चढव, भांड्याला कल्हई करतात तसं, गोळा नको. तारेचं टोकही तसंच. एनॅमल साध्या पॉलियुरेथेनचं असेल तर ३८०-३९० वर सोल्डरच्या थेंबात धरलं की जळून जातं, नाही जळलं तर ते दुसऱ्या जातीचं एनॅमल आहे, ब्लेडने हलकं खरवड. हे बोर्डापासून लांब कर, बोर्डासाठी टेंपरेचर परत खाली आण.

मग तार सरळ ट्रॅकवर ठेव, लांब टोक कॅप्टॉन टेपने, ती उष्णता सोसणारी पिवळी टेप, चिकटवून ठेव म्हणजे हलणार नाही. एक बाजू टेक, दुसरी टेक, जास्तीची तार ब्लेडने दाबून काप, ओढू नको. श्वास रोखून कर, थट्टा नाही करत. आणि पंखा बंद, पंख्याच्या वाऱ्याने तार उडते आणि फरशीवर परत सापडत नाही. तिन्ही झाले की आयपीएने फ्लक्स धुवून काढ, आणि परत सगळं मीटर: तिन्ही लाइन आता बी चॅनलसारखा आकडा देतायत का, आणि शेजारी-शेजारी एकमेकांत बीप नाही ना. हे दोन्ही बरोबर आल्याशिवाय वर काही लावायचं नाही. बरोबर असेल तर यूव्ही सोल्डर मास्क येतो हिरवा ट्यूबमधला, पातळ थर, यूव्ही टॉर्चखाली काही मिनिटं. मास्क नसेल तर नेलपॉलिश, हसू नको, बरीच वर्षं मी तेच लावायचो, घरून ओरडा खाऊन.

आता हा स्वच्छ कापलेला ट्रॅक झाला. पण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बरेच बोर्ड कापलेले नसतात, खाल्लेले असतात, आणि त्याला मात्र "जंपर मारला झालं" असं नसतं. नाशिकमध्ये दोन गिऱ्हाईकं ठरलेली, पूर आणि उंदीर. आपल्याकडे गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पाणी कुठवर चढलं त्यावर. २०१६ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं तेव्हा माझ्या टेबलावर महिनाभर चिखलाचा वास होता. त्यातला एक बोर्ड मालकाने उन्हात वाळवला, चालू झाला, खूश, आणि दोन महिन्यांनी बंद. कारण वाळवणं म्हणजे साफ करणं नाही. पाणी उडतं, मीठ आणि गाळ चिपच्या खाली राहतो, हवेतला ओलावा धरतो. आणि पीसी शटडाऊन केला तरी भिंतीतलं बटण चालू असेल तर एसएमपीएसच्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट स्टँडबाय कायम असतात. ओल, मीठ आणि व्होल्टेज, मग पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत राहतं, चोवीस तास, तू झोपलेला असतानाही. म्हणून भिजलेल्या बोर्डात आधी स्टँडबायच्या आणि पॉवर बटणाच्या लाइन जातात, कारण करंट तिथेच असतो.

उंदराचं तर विचारूच नको. निफाड-पिंपळगावकडून द्राक्षाच्या सीझननंतर पॅकहाऊसचे पीसी येतात, कॅबिनेट उघडलं की आत घरटं. उंदराच्या मुतात मीठ असतं, आणि ते बोर्डावर हिरवा-निळा बुरा करतं. तिथे आधी साफ पाण्याने धुवायचं, हो, पाण्याने, सेल आणि प्रोसेसर काढून, मीठ आयपीएत नीट विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. मग आयपीए, मग नीट वाळवायचं. आणि मग भिंगाखाली प्रत्येक हिरवा डाग खरवडून खाली तांबं शिल्लक आहे का बघायचं, काळा पडलेला ट्रॅक सोल्डर धरत नाही, चकाकी येईपर्यंत मागे जावं लागतं. कधी कधी मागे जाता जाता ट्रॅक वाया (via) नावाच्या, बोर्डाचे थर जोडणाऱ्या भोकात शिरतो आणि भोकाच्या आतलं तांबंच खाल्लेलं निघतं, मग त्या भोकातून तार ओवायची. ज्यांच्याकडे जुने ३८६-४८६ चे बोर्ड आहेत त्यांना सांगतो, त्यावरच्या निळ्या पिंपासारख्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा पाझर अल्कधर्मी असतो, तिथे आधी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मग पाणी. उंदराला लिंबू नको.

खाल्लेला ट्रॅक चिपच्या खाली गेला असेल, किंवा आतल्या थरात असेल, तर मी स्वतः नाही म्हणतो. तुझ्या दुकानदाराला मी चूकही म्हणणार नाही, दोन-तीन तास घालवून हजार रुपये सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं "एका तारेचे हजार?", आणि पुढे तीन महिन्यांनी कुठलंही कारण असो, बोर्ड परत आपल्याच टेबलावर.

परत तुझ्याकडे. माझा सल्ला विचारशील तर या बोर्डावर लगेच हात घालू नको. एखादा भंगारातला मदरबोर्ड घे, त्यावर मुद्दाम ट्रॅक काप आणि जोड, वीस-पंचवीस वेळा. त्यातले शेवटचे पाच सलग नीट आले तर आपला बोर्ड घे. नाही आले तर मागच्या दोन स्लॉटवर पीसी चालतोय की, सिंगल चॅनलमध्ये थोडा हळू चालेल पण चालेल, ओरखड्यावर तेवढी कॅप्टॉन टेप लाव आणि पैसे साठव.

जोडलंस तर पहिल्यांदा चालू करताना एकच रॅम ए च्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाक आणि मेमरी ट्रेनिंगला वेळ दे, पहिल्या वेळी एखादा मिनिट काळी स्क्रीन राहते, घाबरून बटण दाबू नको. आधी एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचं बायोसमधलं सेटिंग, बंद, २१३३ वर चालव, मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर लाव. एकही एरर नसेल तर मग हळूहळू वर चढव. ३२०० ला एरर आणि २६६६ ला साफ असं आलं तर २६६६ वर ठेवून सोडून दे, रोजच्या वापरात फरक कळणार नाही. एरर नेहमी एकाच बिटला येत असेल तर तो तुझ्या तीन जंपरपैकी एक आहे, परत टेक.

आणि कूलर परत बसवशील तेव्हा सॉकेटच्या चारी बाजूंनी पुठ्ठा ठेव. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्याच असतील, त्यांचा जाड कागद एकदम बरोबर बसतो.